मामींच्या वजनाची अलाइनमेंट

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

पहिली पाळी. सबस्टेशनचा फीडर दोनदा ट्रिप, दोन्ही वेळा लगेच चालू केला. बाकी शांत.

घरी येताना गाडी पुन्हा डावीकडे. स्टेअरिंग जरा सैल सोडलं की रस्त्याच्या कडेला जाते. अंगणात उकिडवा बसून पाहिलं. पुढचं डावं टायर आतल्या बाजूने गुळगुळीत झालंय. बाहेरून अजून नवं दिसतं.

एप्रिलमध्ये स्प्रिंगा बदलून गाडी खाली केली, तेव्हाच मेकॅनिकने सांगितलं होतं. थोडी चालवा, स्प्रिंगा बसू द्या, मग चाकांची अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर खाईल. चालवली कुठे मग. मेपासून अँब्युलन्सच. ऑगस्टमध्ये वंदना गेली.

करून घ्यायला हवी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सबस्टेशनच्या गेटवरच्या गतिरोधकाला गाडीचं पोट घासलं. बोरकर पाळी घ्यायला आला होता, तिथेच उभा. "साहेब, गाडी हाय का घोरपड? पोटावर सरपटून राहिली." हसलो. गाडी कशासाठी खाली केली ते त्याला माहीत नाही. कोणालाच सांगितलं नाही. या वयात पोरांसारखा शौक सुचला, असं वाटत असेल लोकांना.

वं.च्या कमरेचं दुखणं वाढलं तेव्हा तिला पाय उचलून आत ठेवता येईना. पायदान लावून पाहिलं, स्टूल ठेवून पाहिला. "गाडीत बसणं हाय का झाडावर चढणं हाय," म्हणायची. खाली केल्यावर एकदाच बसली. तुमसर रोड स्टेशनपर्यंत गेलो, गरम भजी घेतली, गाडीतच खाल्ली, परत आलो. स्वतः बसली, स्वतः उतरली. दार स्वतः लावलं, जरा जोरातच.

संध्याकाळी नागपूरहून ताईचा फोन. "विकून टाक ती गाडी. नाहीतर पहिल्यासारखी उंच तरी कर. अशी बसकी गाडी कोण घेईल?" मग नेहमीचं. एकटा किती दिवस राहशील, एक स्थळ आहे, नुसतं बघ. आणि वं.च्या माहेरी, पवनीला, सारखा जाऊ नको. "लेकरू असतं तर गोष्ट वेगळी. आता काय नातं उरलं त्यांच्याशी?"

मी बरं-बरं केलं.

सारखा कुठे जातो. तेरवीनंतर एकदाच गेलो. पण ताई म्हणाली ते दुपारपासून, म्हणजे तिने म्हणायच्या आधीपासूनच, मनात आहे. मामी (वं.ची आई) उद्या म्हणाल्या की आता येऊ नका, तर मी काय म्हणणार? वं.बद्दल बोलायला मला दुसरं कोणी नाही. आम्ही बोलत नाही तो भाग वेगळा.

२३ नोव्हेंबर, रविवार

पवनीला जाऊन आलो. प्रकाशचा (वं.चा धाकटा भाऊ) फोन होता, "भाऊजी, नवा तांदूळ झाला, आई बोलावते." दरवर्षी नवा धान भरडला की पहिला कट्टा, पोतंभर तांदूळ, लेकीला. यंदा बोलावणार नाहीत असं धरून चाललो होतो.

मामी दारात. डोक्यावर पदर पुढे ओढलेला, नेहमीसारखा. उजव्या डोळ्यात आता पांढरं स्पष्ट दिसतं. गाडीकडे बघून म्हणाल्या, "काहून बाप्पा, गाडी खाली बसली?"

सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला सांगितलं. वंदनाला चढता येत नव्हतं म्हणून.

त्यांनी दाराच्या खालच्या पत्र्यावर हात ठेवला, मग स्वतःच्या गुडघ्यावर. जणू उंची मापत होत्या. मग आत जाऊन प्रकाशला ओरडल्या, "कट्टा उचल ना बे, जवाईबापूंले उशीर होऊन राहिला."

पन्नास किलोचा कट्टा. प्रकाशने डिक्कीत डाव्या बाजूला उभा केला.

जेवून निघालो. जवाई सासुरवाडीला जेवतो, त्याला काही नाही. मामींनी मात्र आमच्या घरी एवढ्या वर्षांत पाणीसुद्धा घेतलं नाही. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं खायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. आम्हाला मूल झालं नाही. त्या यायच्या तेव्हा डबा आणि पाण्याची बाटली बरोबर. वं. चिडायची, "अवो आई, माह्या घरच्या पाण्यात काय मगर हाय?" मामी हसून आपली बाटली उघडायच्या. तेरवीलासुद्धा शेजारच्या घरी जाऊन दोन घास खाल्ले.

परतताना भंडाऱ्याला अलाइनमेंट. हायवेवर शकीलभाईचं दुकान, रविवारीही चालू. त्याने वाकून पाहिलं. "काका, गाडी किसने बैठाई? आपने? इस उमर में?" मग टायर पाहून, "ये तो होना ही था. खाली केली की चाक आतून जमिनीवर टेकते. टायर बिचारा काय करन?" चाकांना पट्टे लावले, समोर स्क्रीनवर आकडे. सगळे लाल. "डिक्कीत सामान हाय काय काही?" मी नाही म्हणालो. खालून नट फिरवत गेला तसे एकेक आकडे हिरवे झाले. घासलेलं टायर मागे टाकलं, मागचं पुढे आणलं.

भंडारा ते तुमसर गाडी अशी सरळ की दोन बोटांत स्टेअरिंग.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दुसरी पाळी. गाडी छान.

कट्टा अजून डिक्कीतच. काढून ठेवायचा कुठे हा प्रश्न नाही, स्वयंपाकघरात पत्र्याची कोठी आहे. पण कोठीत जुना तांदूळ शिल्लक आहे. तो वं.ने पाखडून, कडुलिंबाचा पाला घालून भरलेला. मी एकटा माणूस, मूठ-मूठ शिजवतो. तो असताना त्यावर नवा ओतायचा नाही.

राहू दे गाडीत. तिथे त्याला कोण काय म्हणतंय.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी मामींचा फोन. त्या स्वतः कधी करत नाहीत, प्रकाशने लावून दिला असणार. जोरात बोलतात, फोनवर विश्वास नाही.

"तांदूळ कसा हाय?"

"चांगला आहे, मामी."

"चिकट होते ना? नवा हाय. पाणी कमी टाकजा."

"हो. छान झाला भात."

"वंदी लय पाणी टाके. पेज करून ठेवे."

हो म्हणालो. खरंच टाकायची. मागे प्रकाशची म्हैस ओरडत होती. "बरं, ठेवतो मंग," म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर कट्टा गाडीत ठेवणं बरं वाटेना. पाळी संपल्यावर बोरकरला घरी घेऊन आलो, एकट्याने उचलत नाही. "साहेब, एकट्या माणसाले एवढा तांदूळ? लगन-बिगन काढलं काय?" बोलून गेला आणि कानाला हात लावला. "सॉरी साहेब." मी म्हटलं, चहा घे. दोन कप प्यायला, बराच वेळ बसला. जाताना म्हणाला, "वहिनी भजे मस्त करत." चांगला आहे.

कट्टा स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवला. तोंड शिवलेलंच.

२ डिसेंबर, मंगळवार

गाडी उजवीकडे जातेय. आधी डावीकडे जायची. समजत नाही. टायरमधली हवा पाहिली, बरोबर आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

सुट्टी टाकून भंडारा. शकीलभाईला आधी मान्यच नाही. "माझं काम हाय, हलणार नाही." पट्टे लावले, स्क्रीनवर पुन्हा लाल. तो गाडीभोवती फिरला, मला विचारलं, कुठे आपटली? खड्डा? दगड? नाही. "मंग बदललं काय?"

"काही नाही. तांदूळ काढला."

"कौनसा तांदूळ?"

सांगितलं. सासुरवाडीचा, पन्नास किलो, डाव्या बाजूला.

तो पान्यासकट खाली बसला. "काका! मी इचारलं होतं ना, डिक्कीत सामान हाय काय?"

खरंच विचारलं होतं. पण मला वाटलं सामान म्हणजे जॅक, पाना, तसलं काही. तांदळाला सामान कोण म्हणतं?

मग त्याने दुकानातल्या सगळ्यांना, शेजारच्या टायरवाल्याला आणि चहावाल्याला हाक मारून सांगितलं. काकांनी सासूच्या वजनावर अलाइनमेंट करून घेतली! चहावाला म्हणाला, "सासूचं वजन गाडीवरून उतरलं तर गाडी भटकनच ना." मीही हसलो. किती दिवसांनी असा हसलो ते लक्षात नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचंच.

शकीलभाई नंतर नीट बोलला. खाली केलेल्या गाडीला वजन लगेच कळतं, म्हणे. नेहमी जेवढं वजन असतं तेवढं ठेवूनच चाकं लावायची. "बोला, गाडीत नेहमी कोण बसते?"

एकटाच, असं म्हणायचं होतं. तेच खरं.

म्हणालो, "पुढे डाव्या सीटवर एक बाई असतात. वयस्कर आहेत. चाळीस किलोच्या आसपास."

त्याने दोन जुन्या बॅटऱ्या आणून सीटवर पोतं अंथरून ठेवल्या. मला ड्रायव्हर सीटवर बसवलं. आकडे हिरवे होईपर्यंत मी त्या बॅटऱ्यांशेजारी बसून होतो. मामी या गाडीत कधी बसलेल्या नाहीत.

१० डिसेंबर, बुधवार

प्रकाशला मीच फोन केला. मामींचा डोळा दाखवायला हवा, मी नेतो म्हटलं. तो म्हणाला, "आई तयार होईन का माहीत नाही." मागून मामींचा आवाज, "कोण हाय? कायले?" मग बराच वेळ फोनवर हात ठेवल्यासारखं. मंगळवार ठरला.

एकटा चालवताना गाडी किंचित उजवीकडे ओढते. फार नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

रजा. तुमसर–पवनी–भंडारा–पवनी–तुमसर. दमलो. पण लिहून ठेवतो.

मामी स्वच्छ लुगडं, पिशवीत डबा, बाटली. प्रकाशने पुढचं दार उघडलं. "चूप बस," त्याला म्हणाल्या, "जवाईच्या बाजूले बसन काय मी?" मागे बसल्या, अगदी माझ्या पाठीमागे, म्हणजे आरशातही दिसू नये. पाय उचलावा लागला नाही. नुसत्या वळल्या आणि बसल्या. तेवढं पाहिलं मी.

पुढची सीट रिकामी. शकीलभाईच्या बॅटऱ्या आठवल्या.

अड्याळच्या पुढे त्यांना गाडी लागली. कडेला थांबवली. बाटलीतलं सगळं पाणी चूळ भरण्यात गेलं. प्रकाशही नाही बरोबर, त्याचं धान चुरणं, म्हणजे मळणी, चालू आहे. मी पाठ करून उभा राहिलो. थोड्या वेळाने म्हणालो, "पुढे बसलं की लागत नाही, मामी."

मामींनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं, ओळखीचं कोणी नाही ना. मग पुढे बसल्या, पदर नाकापर्यंत.

गाडी निघाली आणि सरळ चालली. स्टेअरिंगवरचा हात क्षणभर सैल सोडून पाहिला. सरळ.

बऱ्याच वेळाने: "वंदी इथंच बसली होती?"

"हो. एकदाच. भजी खायला गेलो होतो."

"दुखत होतं तवा?"

"नाही. त्या दिवशी नाही."

सीटच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "ते पाणी द्या बरं."

माझी बाटली मध्ये ठेवलेली. मी म्हटलं, "मामी, ते घरून भरलेलं आहे."

"माहीत हाय मले. गाडी काय घर हाय काय?"

वरून धरून प्यायल्या. अर्धी बाटली. मला समोरचा रस्ता नीट दिसेना, वेग कमी केला. "हळू काहून चालवून राहिले?" म्हणाल्या.

डॉक्टर: मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन लगेच करा. जानेवारीचा पहिला आठवडा. नंतर महिनाभर धूर आणि धूळ अजिबात नको, थेंब वेळच्या वेळी.

१८ डिसेंबर, गुरुवार

पहिली पाळी. लोड जास्त, थंडीचे हीटर.

प्रकाशचा फोन. त्याच्याकडे अंगणातच धानाचा कोंडा उडतो, स्वयंपाक चुलीवर, घर एका खोलीचं. "भाऊजी, कसं करावं?" विचारत होता. काय विचारतो ते दोघांनाही कळत होतं.

माझ्याकडे ठेवू, म्हणालो. तो म्हणाला, "आईले तुमीच सांगा. मी सांगितलं तर मले चप्पल घेऊन धावते."

२१ डिसेंबर, रविवार

पवनी. मामी सुपात डाळ निवडत होत्या, एका डोळ्याने. समोर बसून सांगितलं. महिनाभर तुमसरला चला. धूर नाही, गॅस आहे. थेंब मी टाकीन, पाळीवर गेलो तर शेजारच्या काकू टाकतील.

डाळ निवडतच राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "लोक काय म्हणतीन? लेक नाही, नातू नाही, कोणाच्या घरी जाऊन राहिली?"

सूप एकदा झटकलं.

"आन् जेवन काय? एवढे वर्ष पाणी नाही घेतलं तिच्या घरचं. आता घेतलं, म्हणजे ते माह्या पोरीचं घर नाही राहिलं, असंच होईन ना? मंग मी येऊ कायले?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी आपला समजत होतो, त्या जेवल्या तर चांगलं. त्यांनी जेवावं असं मला वाटावं का, तेही आता कळेना. जेवल्या तर ते वं.चं घर नाही. नाही जेवल्या तर महिनाभर येणार कशा.

सुपातला एक खडा त्यांनी माझ्याकडे टाकला, म्हणजे बाहेर टाका. टाकून आलो.

म्हणालो, "तांदूळ तुमचाच आहे, मामी. कट्टा आहे तसाच आहे. उघडलेला नाही."

वर पाहिलं. "मंग फोनवर भात चांगला झाला म्हणून सांगितलं तो कोणाचा?"

"जुन्याचा. तिने भरून ठेवलेला आहे अजून. तो चालू आहे."

पदराने डोळा पुसला, चांगला डोळा. "तो नोका संपवू लवकर," म्हणाल्या. मग लगेच नेहमीच्या आवाजात, "तांदूळ माहा झाला. पाणी कोणाचं?"

"नळाचं. वैनगंगेचं."

"आमचंबी वैनगंगेचंच हाय."

"तेच. नदी आधी आमच्याकडून येते, मग भंडारा, मग तुमच्याकडे."

सूप थांबलं. माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे आमी एवढे वर्ष तुमचं उष्टं पाणी पिऊन राहिलो?"

"असंच झालं."

"आन् वंदीले कोणी नाही सांगितलं हे?"

आणि हसायला लागल्या. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. प्रकाश घाबरून आतून आला. "आई, रडून राहिली काय?" "चाल हट," त्याला म्हणाल्या.

निघताना विचारलं, मग येणार ना?

"पाहू."

२५ डिसेंबर, गुरुवार

ताईचा फोन. एक गिऱ्हाईक शोधलंय तिने, बसकी गाडीच हवी आहे त्या मुलाला. म्हटलं, विकायची नाही. आणि उंचही करायची नाही. "मग काय करणार तिचं?" चालवणार. मग ती म्हणाली, "जेवलास का?" ताईचं भांडण इथे संपतं.

मामी येणार की नाही ते तिला सांगितलं नाही. मलाच माहीत नाही.

२८ डिसेंबर, रविवार

सुट्टी. सकाळी प्रकाशला फोन. आई हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. काल भावकीतल्या दोन बायका येऊन बोलून गेल्या, तेव्हापासून गप्प आहे. पण त्याला विचारत होती, तुमसरले थंडी जास्त असते काय, आणि खोलीले खिडकी कोणत्या बाजूनं हाय. "तू काय सांगितलंस?" मी विचारलं. "मी सांगितलं, पूर्वेले." बरोबर सांगितलं.

मागची खोली झाडली. खिडकीच्या जाळीवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली. कपाटावरची जादा गादी काढली, दोन्ही हातांत धरून गच्चीवर नेली, उन्हात टाकली. काठीने झटकली. बरीच धूळ निघाली.

खाली येऊन जेवलो. ऊन कलायच्या आधी पुन्हा वर जाऊन गादी उलटवली.